‘गंगाजल’ लिहिलेला तांब्या

भाऊ, तुमचा तांब्या घासून घासून माझ्या बोटांची सालं निघाली. विटेची पूड झाली, वाळू झाली, राख झाली. आई म्हणाली, "कल्हईचं भांडं असं कोणी घासते काय वो कुसुम? येड लागलं काय तुले?" मी म्हटलं, हो, लागलं. तिसऱ्या दिवशी तळाशी कल्हईखालचं लाल तांबं दिसलं आणि मी ओसरीवर बसून ढसाढसा रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा एवढी रडले नव्हते.

तुमच्या तेरवीला वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. बाहेर पंगत बसली होती. त्यांनी फडताळातून हा फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढून माझ्या हातात दिला. झाकणावर तुमच्या हातचं ‘गंगाजल’ अजून वाचता येत होतं.

"हा तुमच्या लॅबचा. घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. "याच्याकडं पाह्यलं का ते खाली मान घालून बसलेले दिसतात मले. मरेपर्यंत तेच इचारत होते, मी खोटं लिहिलं काय, मी खोटं लिहिलं काय."

भाऊ, तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं. हे मला चार महिन्यांपासून ठाऊक होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगते. पण एकदम सांगायची छाती होत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं बोलते. तुम्हीही असंच करायचात. विद्यार्थ्याला नापास केलं की त्याला बोलावून आधी धानाचं पीक कसं आहे ते विचारायचात.

मी चांद्याला आले ती केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून, तुमच्या हाताखाली. नागभीडची पोरगी, एम. एस्सी., जीभ तिखट. कॉलेजात बाईमाणूस म्हणून मी एकटीच. पहिल्या दिवशी सगळे माझ्याशी असे बोलत होते जणू मी काचेची आहे. तुम्ही तेवढे आलात, हातात एप्रन दिला आणि विचारलंत, "बाई, फुटणाऱ्या वस्तूची भीती वाटते काय?" मी म्हटलं, "माणसांपेक्षा कमी." तुम्ही इतके हसलात की शिपाई बाबूराव दारात येऊन उभा राहिला.

मग तुम्ही मला ती फुटणारी वस्तू, अझाइड, समजावलंत. मला पुस्तकातलं येत होतं, तरी ऐकून घेतलं, कारण तसं कोणी सांगितलंच नव्हतं. "तीन नायट्रोजन, बाई. एका खाटेवर झोपलेली तीन भावंडं. त्यातल्या दोघांचं भारी सूत. जरा संधी मिळाली की हात धरून पळतात. तो आपला नायट्रोजन वायू, तो आपण ब्युरेटमध्ये मोजतो. मागं उरतो तो तिसरा. त्याले एकट्याले करमत नाई. जो शेजारी सापडेल त्याच्या गळ्यात पडतो. म्हणून द्रावक म्हणजे नुसतं भांड्यातलं पाणी नव्हे, द्रावक म्हणजे शेजार."

"आणि उत्प्रेरक?" मी विचारलं.

"जो त्या दोघाइले ‘पळा’ म्हणून खुणावतो आणि सोता नामानिराळा राहते, तो."

एवढंच तर तुमचं काम होतं. कोणत्या शेजारात, कोणाच्या खुणेनं ही जोडी किती लवकर पळते ते पाहायचं. उन्हाळ्यात नागपूरला तुमच्या गाइडच्या, सरांच्या लॅबमध्ये तुम्ही ते सल्फोनिल अझाइड करायचात आणि करंगळीएवढ्या कुपीतून, कापसात गुंडाळून, छोट्या गाडीनं नागभीडपर्यंत आणि तिथून चांद्याला आणायचात. अख्ख्या प्रवासात ते मांडीवर. शेजारचा माणूस पानाचा डबा पुढं करायचा तर तुम्ही त्याला म्हणायचात, "दादा, जरा हळू बसा, झोपलं आहे." लोकांना वाटायचं, कोंबडीचं पिल्लू असेल.

काम करताना मात्र तुमचा थिल्लरपणा कुठल्या कुठं. सागाच्या फळीचा आडोसा, चिमटीभर वस्तू, आणि एका हाताचं अंतर. काचेच्या नळीतून पहिला बुडबुडा वर आला की तुम्ही ‘एक’ म्हणायचा नाहीत. ‘लाभ’ म्हणायचात. खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला म्हणतात ना, तसं. लाभ, दोन, तीन, चार. मला हसू आवरायचं नाही. "भाऊ, हे सायन्स आहे का सुगी?" "सुगीच वो बाई. चार महिने राबाचं अन् मंग मोजाचं. फरक कोणता आहे?"

आता द्रावकाचं, म्हणजे स्पिरिटचं. नागपूरचं शुद्ध स्पिरिट परमिटावर यायचं आणि परमिट साहेबाच्या टेबलावर झोपायचं. एका वर्षी तीन महिने थेंब नाही. तुम्ही आबकारीचा वेगळा कागद करून आणलात आणि मूल गावाच्या पुढल्या जंगलात रैनूदादाकडं गेलात, मोहाची दारू आणायला. मी बरोबर होते म्हणून त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे. म्हातारा गोंड, मातीची मडकी एकावर एक चढवून बसलेला. त्यानं विचारलं, "मास्तर, पेत नाई म्हनता, मंग कायले पायजे?" तुम्ही म्हणालात, "हवा काढाले." त्यानं तुमच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग म्हणाला, "बाई, मास्तरले घरी घेऊन जा." तरी दिली. निघताना मूठभर सुके मोहसुद्धा माझ्या पदरात टाकले, तुमच्यावर दया येऊन.

कॉलेजात आणून तुम्ही ती काचेच्या नळ्यांतून पुन्हा गाळली, पाण्यासारखी केली. आता ठेवायची कशात? बाटलीत ठेवली तर बाबूराव संध्याकाळपर्यंत बाटली मोकळी करणार, याबद्दल तुमचं माझं एकमत होतं. तेव्हा तुम्ही घरून हा तांब्या आणलात, तुमच्या आईनं काशीहून आणलेला, अस्सल लाल तांब्याचा. झाकणावर कागद चिकटवून लिहिलंत ‘गंगाजल’. बाबूराव रोज सकाळी झाडू ठेवून त्याला नमस्कार करायचा. आणि त्याची म्हातारी सिरीयस झाली तेव्हा रडत आला, "साहेब, दोन चमचे द्या, तिच्या तोंडात घालतो." तुमचा जीव असा कासावीस झाला! सायकल काढून घरी पळालात आणि देवघरातलं खरं गंगाजल आणून दिलंत. म्हातारी पुढं दोन वर्षं ठणठणीत जगली आणि बाबूराव त्या तांब्याला आणखी वाकून नमस्कार करू लागला.

त्या स्पिरिटनं चमत्कार केला. नागपूरच्या स्पिरिटमध्ये अझाइड तासभर उकळा, ढिम्म. बेंझिनमध्ये ढिम्म. आणि तांब्यातल्या मोहाच्या स्पिरिटमध्ये पाच मिनिटांत लाभ, दोन, तीन, चार, तुमचं तोंड थकायचं. दहा वेळा केलंत. दहाही वेळा मी शेजारी होते, दहाही वेळा वहीत मी लिहिलं आहे. तापमान, हवेचा दाब, कुपीचा नंबर, दारू कोणत्या मडक्याची, सगळं. कशात ठेवली ते लिहिलं नाही. भांडं कोण लिहितं?

तुम्ही म्हणालात, मोहाचा गुण. मोहाच्या फुलातलं काहीतरी गाळूनही बरोबर येतं आणि उत्प्रेरकाचं काम करतं. "पाहा वो बाई, जराशी हिरवट झाक आहे याले. तो मोहच." मी म्हटलं, भाऊ, अल्कोहोल ते अल्कोहोल, मोहाचं असो नाहीतर उसाचं, मोहात काही नाही. तुम्ही म्हणालात, मंग ही हवा कुठून येऊन राह्यली? मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी जोरात भांडले. वर्षभर भांडलो आपण. वहिनी डबा घेऊन यायच्या आणि व्हरांड्यातूनच म्हणायच्या, "झालं असंन तं जेवा, नाई झालं तं जेवून भांडा." किती सुखाचे दिवस होते ते, भाऊ. तेव्हा ते तसे आहेत हे समजलं नाही.

तुम्ही लेख लिहिलात आणि सरांकडं पाठवलात. सरांनी लिहिलं, मी स्वतः येतो, माझ्यापुढं करून दाखवा.

सर यायच्या आठ दिवस आधीची गोष्ट. दिवाळी तोंडावर होती. कल्हईवाला आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाखाली भाता लावून बसला होता आणि साऱ्या आळीच्या बाया भांडी घेऊन जमल्या होत्या. मी लॅब आवरत होते. सरांपुढं काही घाण दिसायला नको म्हणून कपाट पुसलं, काचा धुतल्या आणि तांब्या रिकामा करून पाहिला तर आत हिरवं हिरवं. मला शरम वाटली. झाकण लॅबमध्येच ठेवलं आणि पदराखाली घालून मी तो कल्हईवाल्याकडं नेला. आणि ऐका भाऊ, वरून मी तिथं त्या बायांना लेक्चर दिलं! नवसागर तांब्यावरचा थर कसा काढतो, मग कथील कसं चिकटतं. बाया तोंडात बोट घालून ऐकत होत्या. चांदीसारखा लखलखीत तांब्या घेऊन मी परत आले, रैनूदादाकडची नवी दारू तुम्ही गाळली होती ती त्यात भरली, आणि तुम्हाला काही बोलले नाही. भांडं घासल्याचं कोणी सांगतं का?

तुम्हाला ती झाक मोह वाटली. मला मळ वाटला. दोघांच्या नावापुढं एम. एस्सी.

सर आले त्या दुपारी तुम्ही नवा सदरा घातला होता. फळी लावली, कुपीतली चिमूट टाकली, तांब्यातलं स्पिरिट ओतलं, खाली पाणी उकळायला ठेवलं. तुम्ही नळीपुढं वाकून बसलात. तुमचे ओठ ‘लाभ’ म्हणायला तयार होते, मला दिसत होते. दहा मिनिटं. अर्धा तास. तास. एक बुडबुडा आला नाही. तुम्ही पुन्हा केलंत. पुन्हा नाही. सर उठले, हात धुतले आणि टॉवेल शोधता शोधता सहज बोलल्यासारखे म्हणाले, "आकडे कधी येतात, कधी आणले जातात. तरुणपणी होतं असं." आणि स्टेशनवर गेले.

तुम्ही बसूनच होतात. मग माझ्याकडं वळून विचारलंत, "बाई, तुम्ही तं होत्या ना शेजारी? मी खोटं लिहिलं काय वो?"

आणि मी काय बोलले? माझी ही मेली जीभ. मला वाटलं तुम्हाला हसवावं, हलकं करावं. मी म्हटलं, "मी म्हणत नव्हते, मोहात काही नाही म्हणून?" तुम्ही हसलात. खरंच हसलात. ते हसू मी चार वर्षं विसरले नाही.

लेख तुम्ही मागं घेतलात. वहीत शेवटची ओळ लिहिलीत, ‘वायू नाही’, आणि वही कपाटात टाकली. तांब्या घरी नेलात. त्यानंतर वर्गात शिकवलंत, परीक्षा घेतल्यात, पण फळीमागं कधी बसला नाहीत. नवीन पोरांना तीन भावंडांची गोष्टही सांगेनासे झालात. आपण भांडेनासे झालो, भाऊ. मी मुद्दाम काही चुकीचं बोलायचे तर म्हणायचात, "असंन, बाई. तुमचंच बरोबर असंन."

मागच्या दसऱ्याला आईनं कढी केली आणि पातेल्यातच राहू दिली. कल्हई उडालेलं पातेलं. दुपारी तोंडात घातली तर कडवट, आंबूस, थुंकून टाकावी अशी. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "कळकली वो माय. उघड्या तांब्या-पितळेत आंबट ठेवलं का तांबं उतरते त्याच्यात, एवढं समजू नाई मले?" माझ्या हातातला घास हातातच राहिला. आईला, वहिनींना, त्या कडुनिंबाखालच्या एकूण एक बाईला ठाऊक असलेली गोष्ट. मोहाची दारू आंबूस असते. महिना महिना तांब्यात राहायची. तांबं उतरत होतं भाऊ, हिरवट झाक त्याची होती, त्या दोघांना ‘पळा’ म्हणून तांबं खुणावत होतं. आणि मी त्याच्यावर कथील चढवून आणलं, सर यायच्या आठ दिवस आधी.

तेव्हाच धावत यायला हवं होतं. तुमचं घर किती लांब, एक हाक मारण्याएवढं. मी निघाले आणि कोपऱ्यावरून परतले. काय सांगू? तुमची चार वर्षं माझ्या टापटिपीनं खाल्ली, हे? म्हटलं, आधी खात्री करते, मग सांगते. मग परीक्षा आल्या. मग तुमचे डोळे पिवळे झाले. तुम्हाला नागपूरला नेलं तेव्हा मी मोटारीजवळ उभी होते आणि तुम्ही खिडकीतून म्हणालात, "येतो वो बाई, कपाटाची किल्ली तुमच्यापाशी राहू द्या." मी म्हटलं, परत आलात की एक गंमत सांगायची आहे. तुम्ही म्हणालात, "आताच सांगा की." मी म्हटलं, नाही, या आधी.

उत्प्रेरक मी नव्हते, पण नामानिराळी मात्र राहिले.

तेरवीनंतर तांब्या घासून लाल केला. नागपूरचं शुद्ध स्पिरिट घेतलं. या वेळी मोह नको म्हटलं, मोहाचा पिच्छा एकदाचा सुटू दे. अर्धं तांब्यात, अर्धं काचेच्या बाटलीत. मोहाची दारू जशी आंबूस तसं दोन्हींत ॲसिटिक ॲसिडचे दोन दोन थेंब, म्हणजे नंतर तुम्ही कटकट करायला नको. तीन आठवडे ठेवलं. तुमच्या कपाटात शेवटची कुपी होती, एका वेळेपुरतीच. चुकलं असतं तर पुन्हा नाही.

मग वहिनींकडं गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कल्हईपासून कढीपर्यंत. त्या गहू निवडत होत्या. सूप खाली ठेवलं, पदर झटकला. मग म्हणाल्या, "चाला. मले दाखवा." इतकी वर्षं डबा आणला त्यांनी, पण लॅबच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा आल्या. बाबूरावानं स्टूल पुसून दिलं.

मी फळी लावली. चिमूट टाकली. आधी काचेच्या बाटलीतलं स्पिरिट घातलं आणि पाणी उकळू दिलं. अर्धा तास नळी मेल्यासारखी. वहिनी नजर न हलवता बघत होत्या. मग वरच्या नळीतून तांब्यातलं थोडंसं सोडलं आणि मागं सरले.

एक मिनिट. दोन. मला नळी दिसेनाशी झाली, डोळेच भरले होते.

"लाभ," वहिनी म्हणाल्या.

मी चमकून पाहिलं. "दोन," त्या म्हणाल्या. "तीन. चार. पाच." धान मोजावं तसं, बोट हलवत, ठाम आवाजात. बाबूराव दारात हात जोडून उभा होता. एक वीस झाले, दोन वीस झाले, वहिनी थांबेनात. थांबल्या तेव्हा पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "ते खोटे नोहते, मले माहीतच होतं. त्याइले माहीत व्हाले पायजे होतं."

"मी सांगायला हवं होतं, वहिनी."

"हाव, सांगाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी ते जराही सौम्य केलं नाही. मग स्टुलावरून उठता उठता म्हणाल्या, "कल्हईचं ऐकलं असतं ना कुसुमबाई, तं ते लई हसले असते. पोट धरून हसले असते."

तेच तर, भाऊ. मी तुमच्या रागाला भीत होते आणि तुम्ही हसला असतात. बाबूरावाला बोलावून त्यालाही सांगितलं असतंत. चार महिने का होईना, तुम्ही हसला असतात.

वहीत तुमच्या ‘वायू नाही’च्या खाली मी आजची नोंद केली आहे. एक नवा रकाना पाडला आहे, ‘भांडे’. सरांना पत्र लिहिलं, आकडे आणलेले नव्हते, आलेले होते, कल्हई मी लावली होती, खाली माझी सही. वहिनी तांब्या घेऊन गेल्या. कागद निघत आला होता तर खळ लावून पुन्हा चिकटवला त्यांनी, आणि म्हणाल्या, याच्यात आता पाणी भरून ठेवीन, कल्हई नाई लावत.

आणि एक ऐकून ठेवा. मोहात काही नव्हतं. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते, आणि आता तर माझ्याकडं पुरावा आहे. बोला की भाऊ. आता तरी ‘तुमचंच बरोबर असंन’ म्हणू नका. भांडा.